सासूबाईंची लाल पट्टी

माणसानं आयुष्यात एक तरी गोष्ट तडीस न्यावी, असा विचार निम्मेसाहेबांच्या मनात आला तो नेमका सुट्टीच्या दिवशी दुपारी. हाच विचार कामाच्या दिवशी सकाळी आला असता, तर डबा, छत्री आणि उशीर यांच्या गर्दीत चेंगरून मेला असता आणि सासूबाईंवर मशीनवर जायची पाळी आली नसती.

निम्मेसाहेब हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बिल्डिंगनं बहाल केलं होतं. त्यांच्या बाल्कनीच्या गजांना डावीकडून मध्यापर्यंत हिरवा रंग होता आणि तिथून पुढे गंज. पोहायला ते शिकले होते, पण तलावाच्या मध्यापर्यंत. तिथून त्यांना दोघा धडधाकट माणसांनी ओढून आणलं. गिटारच्या सहापैकी तीन तारांशी त्यांची ओळख होती. लग्न तेवढं पूर्ण झालं, कारण त्याची सूत्रं सासूबाईंच्या हातात होती.

ऑफिसात मात्र माणूस चोख. इमारतींना परवानगी देणाऱ्या खात्यात त्यांच्याकडे जिने होते. नकाशात जिना दिसला की पायरीची उंची, पायरीची रुंदी, मधला चौक आणि कठडा तपासायचा, सही ठोकायची आणि नकाशा पुढच्या टेबलावर ढकलायचा. दारं-खिडक्या पुढच्या टेबलावाल्याच्या. त्यामुळे ज्यांचे जिने आपण पास केले त्या इमारती शेवटी कशा दिसतात, हे साहेबांना कधीच कळत नसे.

तर त्या दुपारी ते माळ्यावर चढले होते ते जुनी बॅग काढायला. हाताला लागलं एक राखाडी रंगाचं खोकं. कॉलेजच्या दिवसांतलं व्हिडिओ गेमचं मशीन, आणि त्याच्या खाचेत अजून रुतून बसलेली कॅसेट. साहेबांचा चेहरा एकदम वीस-पंचवीस वर्षांनी तरुण झाला.

"अगं, हा तो किल्ल्याचा खेळ!" ते माळ्यावरूनच ओरडले. "एक दिवेवाला असतो. लांब कोट घातलेला. हातात साखळी, साखळीला कंदील. किल्ल्यात एक सरदारीण राहते, ती तीनशे वर्षं म्हातारीच होत नाही. मजल्यामागून मजले चढत जायचं, भुतंखेतं मारायची आणि शेवटच्या दारामागे ती! मी त्या दारापर्यंत पोचलो होतो."

"मग आत काय होतं?" खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या बायकोनं विचारलं.

"ते नाही बघितलं. परीक्षा आली मध्ये."

"म्हणजे हेही निम्मंच," बायको म्हणाली आणि तिनं स्टूल सोडलं.

ती एका दाताच्या दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांना वेळा द्यायचं काम करत असे. भूल न देता उपटण्याची कला तिनं तिथंच आत्मसात केली असावी. साहेब माळ्यावर तसेच लटकून राहिले. त्यांना गजांवरचा गंज दिसला, तलावाचा मध्य दिसला. आणि ते मनाशी म्हणाले, बस्स. हा खेळ संपवायचा. त्या दारामागे जाऊन यायचं. मग बिल्डिंगनं काय म्हणायचं ते म्हणावं.

पहिली अडचण टीव्हीची आली. दिवाणखान्यातला भिंतीला चिकटलेला नवा टीव्ही त्या मशीनची पिन बघूनच नाही म्हणाला. उरला सासूबाईंच्या खोलीतला जुना, ढेरपोट्या टीव्ही.

सासूबाई शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. वय सत्तरीपुढचं, पाठ पट्टीसारखी ताठ. सकाळी खोलीचं दार लावून त्या स्वतःच स्वतःला हुकूम देत आणि स्वतःच पाळत. त्यांचा आणि जावयाचा एरवीचा संवाद गेली वीस वर्षं "जेवलात का?" आणि "हो, तुम्ही?" या दोन वाक्यांवर सुखेनैव चालला होता. त्यात भर घालायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही.

"आई, तुमचा टीव्ही थोडे दिवस..." साहेबांनी तिसरं वाक्य काढलं.

"घ्या की," सासूबाई म्हणाल्या. "त्यात नाहीतरी बायका दिवसभर जिन्यात उभ्या राहून एकमेकींचं ऐकत असतात."

खेळ सुरू झाला. ऑर्गन वाजू लागला, आभाळात नको तेवढा मोठा चंद्र उगवला आणि दिवेवाला कोट उडवत किल्ल्यात शिरला. पहिल्या दिवशी साहेब दारातल्या हाडांच्या सापळ्याकडूनच मेले. दुसऱ्या दिवशी वटवाघळानं त्यांना खंदकात पाडलं. त्यातून धंद्याची खोड आडवी येई. "एका पायरीला कठडा नाही," ते कुरकुरत. "आणि हा जिना बघा आई, मध्येच संपतो! खाली थेट काटे! कुणी पास केला हा नकाशा?" तेवढ्यात एखादं भूत येऊन त्यांना त्या जिन्यावरून खाली लोटी.

सासूबाई खुर्चीत बसून विणत होत्या. चौथ्या की पाचव्या मरणाला त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"जावईबापू, तुम्ही आधी उडी मारता आणि मग बघता."

"म्हणजे?"

"तो सापळा हाड फेकण्याआधी एक पाय मागे घेतो. पाय मागे गेला की 'एक'. हाड सुटलं की 'दोन'. तुमची उडी 'दोन'वर पाहिजे. चला, मी आकडे देते."

आकड्यांवर साहेबांनी सापळा पार केला, पाठोपाठ वटवाघळंही. कवायतीनं किल्ला चढता येतो हा शोध बहुधा जगात प्रथमच लागला असावा. आता संध्याकाळी ते ऑफिसातून आले की सासूबाई आधीच खुर्ची ओढून तयार असत. बायको भाजी चिरता चिरता ऐके, "एक... दोन... उडी! शाब्बास! भिंत फोडा, भिंत फोडा!" कारण किल्ल्यातल्या काही भिंती फोडल्या की आत गरम सुपाचा वाडगा सापडे आणि तो प्यायला की दिवेवाल्याची ताकद भरून येई. तीनशे वर्षांच्या भिंतीत सूप गरम कसं राहतं, हे विचारायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं.

ही ताकद पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल पट्टीत दिसे. पट्टीत उभ्या काड्या. मार बसला की एक काडी जाई, सूप प्यायलं की पट्टी भरे, आणि शेवटची काडी गेली की दिवेवाला गुडघ्यावर बसून मरे. ही पट्टी वाचकांनी लक्षात ठेवावी. बिल्डिंगनं तर ती फारच लक्षात ठेवली.

किल्ल्याच्या चौथ्या मजल्यावर पोचल्यावर साहेबांना दुसरी अडचण कळली. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवण्यासाठी कॅसेटच्या पोटात एक गोल सेल असतो, तो केव्हाच मेला होता. म्हणजे मशीन बंद झालं की सगळे मजले गेले. पुन्हा पहिला दरवाजा, पहिला सापळा. सेल बदलायचा तर कॅसेट काढायला हवी, आणि कॅसेट काढली की खेळ गेलाच. तेव्हा उपाय एकच. पॉजचं बटण दाबून मशीन तसंच चालू ठेवायचं. टीव्ही आणि मशीन एकाच बोर्डावर, एकाच बटणावर होते. त्या बटणावर साहेबांनी चिकटपट्टीचे चार थर दिले आणि घरात फर्मान काढलं की या बटणाला कुणी बोट लावायचं नाही. दिवसरात्र तो चंद्र आणि तो दिवेवाला सासूबाईंच्या खोलीत तसेच थिजून राहिले.

आणि मग फाटकावर सूचना लागली. वीज खात्याकडून वाहिनीची दुरुस्ती, येत्या गुरुवारी दिवसभर पुरवठा बंद.

साहेबांना घाम फुटला. इन्व्हर्टर बसवावा म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं भिंतीवर दोनदा टिचक्या मारल्या आणि सांगितलं, "बसवतो की. फक्त दहा मिनिटं मेन स्विच बंद करावा लागेल." साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. शेवटी रजा टाकून ते वीज खात्याच्या कचेरीत गेले. तिथं चौकशीच्या खिडकीनं त्यांना तक्रारीच्या खिडकीकडे पाठवलं, तक्रारीनं देखभालीकडे, आणि देखभालीच्या खिडकीत एक बाई रबरबँडांचा गुंता सोडवत बसल्या होत्या.

"गुरुवारचं काम पुढे ढकलता येईल का?" साहेबांनी शक्य तितक्या सरकारी आवाजात विचारलं.

"कशासाठी?"

"घरात एक मशीन चालू आहे."

"गिरणी?"

"नाही हो. नाजूक आहे. एकदा बंद पडलं की होतं तिथं परत येत नाही. सगळंच जातं."

बाईंचा हात रबरबँडांत थांबला. त्यांनी चष्मा वर केला. "अगं बाई. कोण आहे मशीनवर?"

इथं 'मी आणि एक दिवेवाला' असं खरं उत्तर देता आलं असतं. पण मागे रांग होती. रांगेत साहेबांच्याच खात्यातला, खिडक्या तपासणारा गृहस्थ उभा होता आणि तो कान टवकारून ऐकत होता. पन्नाशीच्या घरातला, सह्या करणारा माणूस भुतांचा गेम खेळतो हे त्याच्या देखत कसं सांगणार? साहेबांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "सासूबाई."

बाई हळहळल्या. खिडक्यावाल्यानं खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या लाइनीचं काम थांबवते," बाई म्हणाल्या. "मशीन बंद झालं की मात्र लगेच कळवायचं."

"बंद झालं की?"

"म्हणजे त्या सुटल्या की हो," बाई हळुवारपणे म्हणाल्या आणि पुन्हा गुंत्याकडे वळल्या.

चांगली बातमी सरकारी कचेरीतून निघायला महिने लागतात, पण ही बातमी साहेबांच्या आधी घरी पोचली. बाईंनी नियमाप्रमाणे सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला होता. साहेब फाटकात शिरले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे औषधवाले काका पाण्याची बाटली घेऊन जिना चढताना दिसले. काकांनी उभी हयात औषधांच्या दुकानात काढली होती आणि डॉक्टरांची अक्षरं वाचता वाचता आपण डॉक्टर झालो, असा त्यांचा समज होता. साहेबांनी त्यांना जिन्याच्या पहिल्या चौकात गाठलं, ओलांडलं आणि स्वतःच्या खात्याचे सगळे नियम मोडत तीन-तीन पायऱ्या घेत घरात घुसले.

"आई, झोपा! पटकन झोपा! तुम्ही आजारी आहात!"

सासूबाई एका पायावर उभ्या राहून दुसरा पाय हातात धरून होत्या. साहेबांनी धापा टाकत सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, आता ही बाई मला आणि मशीनला एकाच खिडकीतून खाली टाकणार. सासूबाईंनी पाय खाली ठेवला आणि विचारलं, "कसला आजार?"

"काहीही."

"काहीही कसं? चाळीस वर्षं शाळेत कवायत घेतलीय मी. पडसं झालं म्हणालात तर कोण विश्वास ठेवील? चांगला दणदणीत सांगा."

"हृदय?"

"हृदय तुमच्या सासऱ्यांना होतं. नक्कल केली म्हणतील."

"मग फुप्फुसं?"

"चालतील. पण मी खोकणार नाही. खोकणारी माणसं मला आवडत नाहीत." त्या पलंगावर आडव्या झाल्या, चादर गळ्यापर्यंत घेतली आणि एक डोळा उघडून म्हणाल्या, "आणि एक अट. मी इथं आजारी असताना मला सोडून पुढच्या मजल्यावर जायचं नाही."

दार वाजलं. काका आत आले, पाठोपाठ सेक्रेटरी आणि तळमजल्यावरच्या वहिनी. खोलीत पडदे ओढलेले. पलंगावर सासूबाई निश्चल, उशाशी टीव्ही, त्यात काळानिळा उजेड. तिघंही दारातच थबकले.

काकांनी तोंडावर बोट ठेवलं आणि टीव्हीजवळ गेले. बराच वेळ पडदा न्याहाळला. आता फुटलं बिंग.

"एक्स-रे," काका दबक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या सापळ्याकडे बोट केलं.

"अं... हो," साहेब म्हणाले.

"आणि ही पसरलेली दोन्ही बाजूंना..." काकांचं बोट वटवाघळावर गेलं. "फुप्फुसं. काळी पडलीत."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. सेक्रेटरीनं धीर करून विचारलं, "आणि वरची ही लाल पट्टी?"

"ती... शिल्लक ताकद," साहेब खरं तेच बोलून गेले.

"निम्मीच आहे," सेक्रेटरी म्हणाला. तिघांनी पलंगाकडे बघितलं. सासूबाईंनी चादरीखालून एक अत्यंत परिणामकारक उसासा सोडला.

"हा कोटवाला कोण?" वहिनींनी विचारलं.

"मशीनच्या कंपनीचा असेल," काकांनीच परस्पर उत्तर दिलं. "जाहिरात करतात हल्ली."

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा फाटकापासून दारापर्यंत पाच बायकांनी तिला मिठ्या मारल्या होत्या. "माझ्या आईला तुम्ही मशीनवर घातलंत?" ती कडाडली.

"मी स्वखुशीनं गेलेय," पलंगावरून आवाज आला. "तू आवाज खाली ठेव. इथं पेशंट आहे."

पुढचे दिवस सासूबाईंनी गाजवले. जन्मात कधी न झोपलेली बाई आता दुपारभर झोपून भेटायला येणाऱ्यांची विचारपूस ऐके. त्या आजाराशी इतक्या एकरूप झाल्या की सकाळची कवायतही झोपूनच, बोटांनी करू लागल्या. साहेब घरी आले, दार लागलं की मात्र त्या ताडकन उठून बसत आणि किल्ल्यात "एक, दोन" सुरू होई.

दुसऱ्याच दिवशी काकांनी स्वतः बनवलेलं एक तपकिरी टॉनिक आणून दिलं. सासूबाईंनी ते मोरीत ओतलं. त्याच संध्याकाळी साहेबांनी किल्ल्याच्या सहाव्या मजल्यावरची भिंत फोडली आणि सुपाचा वाडगा निघाला. सकाळी काका येऊन बघतात तो लाल पट्टी काठोकाठ भरलेली! काकांचे पाय जमिनीवर राहीनात. आठवडा संपायच्या आत बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस जेवणाआधी दोन चमचे टॉनिक घेऊ लागलं आणि प्रत्येकाचं पोट बिघडलं. काका म्हणाले, विकार बाहेर पडतोय.

पण सुख कुणाला फार दिवस लाभत नाही. साहेब शेवटच्या दारापाशी पोचले ते एका काडीवर. दारासमोरचा जिना इतका नियमबाह्य होता की साहेब संतापून त्याच्याकडे बघत राहिले आणि वरून सात भाले पडले. कशीबशी दाराची चौकट गाठून त्यांनी पॉज दाबला. पट्टीत एक काडी. जवळपास फोडायला भिंत नाही. शिल्लक जीव नाही. दारामागे ती सरदारीण.

"आत जाऊ या का?" सासूबाईंनी विचारलं.

"उद्या," साहेब म्हणाले.

उद्याही ते "उद्या" म्हणाले. आत गेलं आणि मेलं तर संपलंच. न जाता उभं राहिलं तर निदान दारापर्यंत पोचलेला माणूस म्हणून जगता येत होतं. हे त्यांना तरुणपणापासून सवयीचं होतं आणि ते आपल्याला सवयीचं आहे याची आता लाजही वाटत होती. तरी हात पुढे होईना. दिवस जात राहिले, चौकटीत दिवेवाला उभा आणि पट्टीत एक काडी.

इकडे बिल्डिंगची वेगळीच अडचण झाली होती. दुरुस्ती अडली, तसा विजेचा दाब घसरत चालला. पंप गुरगुरे, पण पाणी वर चढेना. वीज खात्यातून सेक्रेटरीला रोज फोन येई आणि सेक्रेटरी खालच्या आवाजात सांगे, "अजून आहेत."

रविवारी सकाळी शिष्टमंडळ आलं. पुढे सेक्रेटरी, मागे काका, त्यांच्यामागे वहिनी. तिघांनीही धुतलेले कपडे घातले होते आणि चेहरेही त्याच बेताचे होते. बायको स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

"साहेब, बिल्डिंगनं विचार केलाय," सेक्रेटरी खाकरला.

"कसला?"

काका पुढे झाले. त्यांचा आवाज खरोखर ओला होता. "एक काडी. दहा दिवस झाले, एकच काडी. ना वर, ना खाली. माझं टॉनिकसुद्धा हरलं. साहेब, याला जगणं नाही म्हणत. मशीन बंद करा. त्यांना मोकळं करा."

"आणि पंपाचंही बघायला हवं ना," वहिनी बोलून गेल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, तशा त्या टीव्हीतल्या फुप्फुसांकडे बघू लागल्या.

"ठराव एकमतानं झालाय," सेक्रेटरीनं समारोप केला.

"छे!" साहेब बटणासमोर आडवे उभे राहिले. "एक काडी असली म्हणून काय झालं? एका काडीवरसुद्धा जाता येतं. इतके मजले चढून आल्यावर, दारापाशी आल्यावर, बंद करा म्हणता? मी बंद करणार नाही." इथवर ते दिवेवाल्याबद्दल बोलत होते, यात शंका नाही.

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "समजतं हो. पण सख्खी आई असती तर एक वेळ... सासूच ना शेवटी. तुमचं कर्तव्य तुम्ही केलंत."

साहेबांनी हात झिडकारला.

"सासूच ना म्हणजे?" ते ओरडले. "खात्याच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालो, तेव्हा रोज पहाटे उठून माझे नियम पाठ करून घेतले कुणी? मी आजारी पडलो तेव्हा मला धरून या खोलीतून त्या खोलीत चालवलं कुणी? वीस वर्षं ही बाई मला रोज एकच प्रश्न विचारते, जेवलात का. आणि मी हो म्हणेपर्यंत स्वतः पानावर बसत नाही. मला हे ठाऊक आहे आणि मी कधी बोललो नाही. माझ्या घरातलं माणूस आहे ते! काडी एक असो नाहीतर अर्धी असो, माझ्या हातानं हे बटण बंद होणार नाही. तुमचा पंप गेला खड्ड्यात!"

आणि ते रडायला लागले. पलंगावरची बाई घोडीसारखी धडधाकट आहे, हे त्या क्षणी त्यांच्या अजिबात लक्षात नव्हतं. दारात बायकोही रडत होती, आणि आपण का रडतोय हे तिलाही कळत नव्हतं.

पलंग करकरला. चादर बाजूला झाली आणि सासूबाई उठून ताठ बसल्या.

"कुणी केला ठराव?"

सेक्रेटरीनं हळूच काकांकडे बोट केलं, काकांनी वहिनींकडे.

"मला बंद करायचा ठराव? एकमतानं?" सासूबाईंनी पाय खाली टाकले. डोळ्यांत पाणी, आवाज मात्र मैदानावरचा. "माझ्या जावयाला माझ्या देखत रडवता? हे बघा, मला नाही लागत तुमचं मशीन! मी माझ्या जिवावर जगते!"

"आई, नको!" साहेब ओरडले. पण सासूबाईंनी चिकटपट्टीचे चारही थर एका ओढीत फाडले आणि खटकन बटण दाबलं.

चंद्र आक्रसला, किल्ला आक्रसला, दिवेवाल्याचा एक पांढरा ठिपका झाला आणि तो ठिपकाही विझला.

"आई, काय केलंत हे! गेलं! सगळं गेलं हो!" साहेबांनी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं चपला घालून जिन्यात आली. बिल्डिंगनं आजवर पुष्कळ जावई पाहिले होते. पण सासू शेजारी कमरेवर हात ठेवून धडधडीत उभी असताना तिच्या नावानं असा ऊर फुटेस्तोवर रडणारा जावई कुणीच पाहिला नव्हता.

काकांनी सासूबाईंची नाडी धरली. "चालू आहे," ते पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "उत्तम चालू आहे! टॉनिक उशिरा लागू पडलं." वहिनींनी साहेबांना नमस्कार केला. सेक्रेटरीनं तिथूनच वीज खात्याला फोन लावला. "मशीन बंद झालं... नाही, त्या आहेत... अहो, मशीन बंद झालं आणि त्याही आहेत... ते मला नका विचारू, तुम्ही माणसं पाठवा."

माणसं तासाभरात आली. इतक्या तत्परतेनं ती कशी आली याचा उलगडा आजही झालेला नाही. बिल्डिंगची वीज गेली आणि घर शांत झालं. बायको शेजाऱ्यांना वाटेला लावायला खाली गेली होती. साहेब अजून जमिनीवरच बसले होते, काळ्या टीव्हीकडे बघत. सासूबाई खुर्चीत बसल्या.

"जावईबापू, देवाशपथ सांगते," त्या म्हणाल्या, "बटण दाबताना मला तो कोटवाला आठवलाच नाही. मला वाटलं, माझंच मशीन आहे."

"मलाही तसंच वाटलं," साहेब म्हणाले.

सासूबाई विणकामाची सुई उगाच इकडची तिकडे करत होत्या. "ते जे बोललात सगळ्यांसमोर," त्यांनी शेवटी विचारलं, "ते माझ्याबद्दल की त्याच्याबद्दल?"

साहेबांनी नाक पुसलं. "सुरुवात त्याच्याबद्दल केली होती."

"आणि मग?"

"मग तुम्ही आलात मध्ये. आणि मग तुम्हीच राहिलात."

सासूबाईंनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर कुणीच नसताना तिकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खाली वाकून मशीनची वायर ओढली, बटणांचं खोकं मांडीवर घेतलं आणि अंगठा कुठे ठेवायचा ते चाचपून पाहिलं.

"उडी कुठली?"

"उजवीकडचं. पण आई, वीज संध्याकाळपर्यंत नाही."

"मग आत्ताच सराव करून घेऊ. तुम्ही सापळा व्हा."

निम्मेसाहेब उठले, काळ्या पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी एक पाय मागे घेतला.

"एक," सासूबाई म्हणाल्या.